वास्ते न आलेला पावसाळा

होळी झाली, मोहाची फुलं वेचून झाली, तरी बांबूला फूल आलं नाही.

साजाटोल्याच्या शेवंता हलामीनं मागच्या दिवाळीत भर ग्रामसभेत सांगितलं होतं, की येत्या होळीच्या आगेमागे आपल्या जंगलातला सगळा बांबू एकदम फुलेल, आणि फुलला की मरेल. दोन हजार एकेचाळीस सालचा मार्च महिना सरला. बांबू उन्हाळ्यात होतो तसा थोडा विरळ झाला, पण होता धडधाकट. शेवंता सौर नळावर पाणी भरायला गेली, की बाया एकमेकींकडे बघत आणि एखादी विचारी, "काय वो फूलबाई, दिसलं का फूल?"

शेवंता हसून घागर भरायची. तिला राग येत नसे असं नाही. पण रागापेक्षा तिला एका प्रश्नानं जास्त छळलं होतं. फूल का आलं नाही?

शेवंता तेहेतीस वर्षांची होती. गडचिरोलीला राहून वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली आणि सरळ गावी परतली, याचं गावाला तेव्हाही नवल वाटलं होतं. आई वारलेली. घरात ती आणि वडील चैतू हलामी, दोघंच. चैतूबाबा गावचे गायता. म्हणजे पेरणीआधी मातीची पूजा, नव्या धानाचा पहिला नैवेद्य, देवाच्या रानाची राखण, ही सगळी कामं त्यांच्याकडे. जंगलावर गावाचा कायदेशीर हक्क आला तेव्हा बांबूचे तीन कूप, म्हणजे तोडणीचे तीन पट्टे, पाडून वर्षाला एकच कूप तोडायचा, हा नियमही त्यांनीच घालून दिलेला. त्या नियमानं साजाटोल्याचा बांबू राखला होता, आणि बांबूनं साजाटोला राखला होता.

बांबूचं एक कोडं आहे. तो आयुष्यात एकदाच फुलतो. एका जातीची, एका पिढीची सगळी बेटं एकाच वेळी फुलतात, बी टाकतात आणि वाळून जातात. रोप उपटून शंभर कोसांवर नेऊन लावलं, तरी ते आपल्या भावंडांबरोबरच फुलतं. म्हणजे बांबूच्या आत कुठंतरी घड्याळ आहे. साजाटोल्याच्या म्हाताऱ्यांना दोन फुलोरे ऐकून-पाहून माहीत होते: एक एकोणीसशे चौतीस सालचा, दुसरा शहाण्णवचा. मध्ये बासष्ट वर्षं. त्या हिशेबानं पुढचा फुलोरा दोन हजार अठ्ठावन्नला. सरकारी नोंदीतही तेच लिहिलेलं होतं.

नागपूरच्या एका संशोधन संस्थेनं ते घड्याळ शोधून काढलं. प्रत्येक पेशीत जनुकांची लांबच लांब दोरी असते. तिच्यातल्या फुलोऱ्याच्या जनुकावर चाळीस बारीक कुलुपं असतात. कुलूप म्हणजे मिथाइल नावाचा इवलासा रेणू. तो चिकटलेला असेल तोवर जनुक गप्प. ही कुलुपं एकेक करून गळत जातात. सगळी गळाली, की बांबू फुलतो. संस्थेनं पानाचा रस घालून कुलुपं मोजणारं एक यंत्र केलं, जेवणाच्या डब्याएवढं, आणि ते जंगलाकाठच्या काही गावांत एकेका माणसाकडे दिलं. साजाटोल्यात ते शेवंताकडे आलं. गाव त्याला शेवंताचा डबा म्हणू लागलं.

सहा वर्षं तिनं चाळीस बेटांची पानं दर महिन्याला मोजली. आणि तिच्या लक्षात असं आलं, की कुलुपं वर्षांच्या हिशेबानं गळत नाहीत, उष्ण रात्रींच्या हिशेबानं गळतात. दिवसभर तापलेलं रान पहाटेपर्यंत थंड झालंच नाही, अशा रात्री आजोबांच्या काळी उन्हाळ्यात पाच-दहा असत. आता त्या पन्नास-साठ होत होत्या. घड्याळ तेच होतं, पण काटे पळत होते. बासष्ट वर्षांचा प्रवास बांबू पंचेचाळीस वर्षांतच संपवणार होता. मागच्या दिवाळीत डब्यानं दाखवलं, की एकच कुलूप उरलंय, आणि तेही सैल.

सभेनं तेव्हा तिचं ऐकलं होतं. वाळलेला बांबू ठिसूळ होतो, त्याची ना टोपली होत ना तट्टा, म्हणून फुलण्याआधी एक जादा कूप तोडायचा ठराव झाला. विरोधात एकच हात वर गेला होता. चैतूबाबांचा.

"तुह्या डब्यानं जंगल सहा वर्षं पायलं," ते म्हणाले होते. "मी साठ वर्षं पायतो."

आणि आता जादा तोडलेला कूप डोळ्यांत खुपेल असा बोडका उभा होता, बाकीचा बांबू हिरवा होता, आणि नियम मोडल्याचं पाप शेवंताच्या नावावर होतं.

एप्रिलमध्ये संस्थेच्या डॉक्टर आसावरी पिंपळखरे फोनच्या पडद्यावर आल्या. शेवंताला पहिल्यांदा डबा हाताळायला शिकवलं ते त्यांनीच.

"शेवंता, प्रकल्प बंद होतोय," त्या म्हणाल्या. "तुझं भाकीत चुकलं, हे एकच कारण नाही. पण ते एक कारण आहे."

"मॅडम, चुकलं ते का, ते मी लिहून पाठवलंय. पौषात थंडीची लाट आली. अकरा रात्री पारा सहाच्या खाली होता, गारा पडल्या. त्यानंतरचं मोजमाप बघा. आधी एक कुलूप सैल होतं, नंतर दोन घट्ट. थंडीनं कुलूप परत बसलं. घड्याळ पुढं जातं, पण एखादं पाऊल मागंही येतं."

"कुलूप परत बसतं, हे आजवर कुणीही दाखवलेलं नाही. समितीला ती यंत्राची चूक वाटते."

"चाळीस बेटांवर एकसारखी चूक?"

"एका गावची चाळीस बेटं. मोजणारी एकच बाई. आणि तिला ते फुलायला हवंय."

शेवंता म्हणाली, "मला ते फुलायला नकोय, मॅडम. माझं जंगल आहे ते."

पिंपळखरेबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला तुझं काम खोटं वाटत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मला ते अपुरं वाटतं. डबा परत पाठव."

शेवंतानं तो पाठवला. दोन दिवस आधी तिच्या मनात आलं होतं, की हरवला म्हणून सांगावं. पण जी बाई आपल्या मोजणीवर विश्वास ठेवा म्हणते, तिनं डब्याबद्दल खोटं बोलायचं? तिनं तो धुऊन पुसून कापडात बांधला आणि तालुक्याच्या बसमध्ये ठेवला. तिच्याकडे एक वही उरली. वहीत तिच्या अंदाजानं उरलेली कुलुपं दोन. येणारा उन्हाळा ती दोन्ही गाळायला पुरेसा होता.

त्या उन्हाळ्यात उष्ण रात्री चौसष्ट झाल्या. तिनं अंगणात तापमापी टांगून रोज पहाटे त्या मोजल्या.

मृगाचा पाऊस वेळेवर आला. श्रावणात बाया वास्ते काढायला जंगलात गेल्या. वास्ता म्हणजे बांबूचा कोवळा कोंब. तो सोलून, उकडून त्याची भाजी होत नाही असं घर त्या भागात नाही. पण बाया रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्याच. बेटाच्या बुडाशी कुठंच नवा कोंब नव्हता.

शेवंतानं पुस्तकात वाचलं होतं, की मरणापूर्वी बांबू वाढणं थांबवतो. सगळी शिदोरी फुलासाठी राखून ठेवतो. डबा नव्हता, पण बांबू स्वतःच बोलत होता.

गावानं मात्र त्याच न आलेल्या कोंबांचा दुसराच अर्थ लावला.

"जास्तीचं तोडलं, म्हनून वास्ते नाई आले," ग्रामसभेचे अध्यक्ष महागू उसेंडी भर चौकात म्हणाले. "रान रुसलं. नियम मोडला ना आपन."

"महागूकाका, जो कूप तोडला नाही, तिथंही वास्ते नाहीत," शेवंता म्हणाली.

"मुळं आतून एक असतात बाई. इकडं दुखलं तं तिकडं सुजते."

हे अगदीच खुळं नव्हतं. त्या दिवशी शेवंता घरी येऊन ओट्यावर बसली आणि प्रामाणिकपणे विचार करू लागली: काका म्हणतात ते बरोबर असेल तर? तोडणीनं कोंब थांबले, की फुलोरा जवळ आला म्हणून? दोन्हीत चिन्ह एकच. फरक कसा करायचा? ज्या बांबूला कधीच कुऱ्हाड लागली नाही, ज्याची मुळं या जंगलाला कुठंच भिडत नाहीत, असा बांबू बघायला हवा.

असा बांबू एकाच ठिकाणी होता. नदीपलीकडच्या देवाच्या रानात. तिथं पान तोडायची बंदी, आणि गायताखेरीज कुणी आत जायचं नाही.

चैतूबाबा जेवायला बसले होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बाबा, माह्यावर विश्वास ठेवू नका. नका ठेवू. फक्त तिथं जाऊन वास्ते मोजून या."

ताटातला हात थांबला. "देवाच्या रानात मोजमाप होत नाई."

"एकदा बघून तरी या."

"शेवंता," ते म्हणाले, "देवाले साक्षीदार करून भांडन जिंकाचं नसते." आणि उठून हात धुवायला गेले.

तिला रडू आलं. आजवर बाबा तिच्या विरोधात होते, पण ऐकून विरोधात होते. आता त्यांनी ऐकायचंच नाकारलं, असं तिला वाटलं. पुढं कितीतरी दिवस त्या घरात 'भात वाढू का' आणि 'गाय बांधली का' यापलीकडे बोलणं झालं नाही.

कार्तिकात धान कापायला आला. पीक चांगलं होतं. शेवंता पुन्हा सभेत उभी राहिली. यंदा ती बांबूबद्दल फारसं बोललीच नाही.

"या हिवाळ्यात फुलोरा येईल असं मला वाटते. नाही आला, तर मी चुकले. पण आला, तर उन्हाळ्यात जंगलभर बी पडंल. त्या बियावर उंदीर वाढतील, एकाचे शंभर. पावसात बी रुजून संपलं, की ते उंदीर आपल्या धानाच्या बांधीत उतरतील. पुढच्या वर्षी हाती धान येईलच असं नाही. म्हणून यंदाचा धान विकू नका. दोन वर्षांचा घरात ठेवा. पत्र्याच्या कोठीत ठेवा."

सभेत कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "आदी बांबू तोडाले लावला, आता धान दाबाले लावते." हशा पिकला.

महागूकाका हसले नाहीत. "बाई, तुह्या मनात पाप नाई हे आमी जानतो," ते म्हणाले. "पन एकदा तुह्यं आयकलं. आता दुसऱ्यांदा आयकाची ताकद गावात नाई. पोरांच्या शाळा हायत, दवाखाने हायत. धान कोठीत ठेवून ते कसे भागतील?"

सगळ्यांच्या नजरा चैतूबाबांकडे वळल्या. शहाण्णवचा फुलोरा कळत्या वयात पाहिलेली आता गावात तीनच माणसं उरली होती, आणि त्यातले धडपणे बोलू शकणारे तेच. ते काठीवर हनुवटी टेकून जमिनीकडे बघत राहिले. त्यांनी ना बाजूनं हात वर केला, ना विरोधात. ठराव पडला.

सभेनंतर फक्त एक बाई शेवंताच्या मागोमाग चालत आली. पार्वता कुमोटी, तिची शाळेपासूनची मैत्रीण. पार्वताचा नवरा तट्टे विणायचा.

"एक सांग," पार्वता म्हणाली. "तू चुकली, तं माह्यं काय जाते?"

"धान उन्हाळ्यात विकशील. भाव थोडा कमी मिळंल. जुना होईल."

"आन् तू बरोबर निघाली अन् मी आयकलं नाई, तं?"

शेवंतानं रस्त्याकडेच्या, कापायला आलेल्या धानाकडे बोट दाखवलं.

"मंग त यात विचार कराचं काई हायेच नाई," पार्वता म्हणाली. "तुह्या डब्यावर माह्या भरवसा नाई हो. पन तू डबा परत धाडला ना, तेच्यावर हाय."

पार्वतानं बचत गटातल्या आठ जणींना हेच गणित समजावलं. नऊ घरं झाली. गावातल्या बासष्ट घरांपैकी नऊ.

दहावं घर शेवंताचं स्वतःचं. आणि तिथंच घोडं अडलं. खळ्यावर मळणी झाली, धानाची रास पडली. चैतूबाबांनी राशीला नमस्कार केला, सूप उचललं आणि मधोमध एक रेघ ओढली.

"हे तुह्यं," ते डावीकडे बोट दाखवून म्हणाले. "ठेव नाईतर विक. हे माह्यं. मी विकीन."

बाप-लेकीची रास कधी वेगळी झाली नव्हती. खळ्यावर आलेल्या बाया काम थांबवून बघत राहिल्या. शेवंतानं मान हलवली, आणि आपली अर्धी रास पोत्यात भरून पत्र्याच्या कोठीत नेऊन ओतली. प्रत्येक खेपेला तिला वाटत होतं, आपण उगाच हट्ट करतोय का? कशावर टेकून उभे आहोत आपण? परत पाठवलेल्या डब्याच्या सहा वर्षांच्या आकड्यांवर आणि रिकाम्या टोपल्यांवर. पण आकडे काल खरे होते, तर आज लोक हसले म्हणून ते खोटे कसे होतील? लोकांच्या हसण्यानं कुलुपं परत बसत नव्हती. तिनं कोठीचं झाकण घट्ट लावलं.

व्यापाऱ्याची गाडी गुरुवारी येणार होती. बुधवारी चैतूबाबा नव्या धानाचा नैवेद्य घेऊन देवाच्या रानात गेले. दरवर्षी ते दुपारपर्यंत परतत. त्या दिवशी दिवस कलला तेव्हा आले, ओट्यावर बसले आणि पाणी मागितलं. शेवंतानं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी विजेवर चालणारी ती लांबलचक गाडी चौकात येऊन थांबली. घराघरातून पोती निघू लागली. दोन हमाल चैतूबाबांच्या ओट्याकडे आले आणि पहिल्या पोत्याला आकडा लावला.

"माह्या पोत्याले हात नका लावू," चैतूबाबा म्हणाले.

"काका, काल त नोंदवली तुमी वीस पोती."

"काल नोंदवली. आज विकत नाई."

ते मोठ्यानं बोलले नव्हते. पण चौकातली बोलणी एकदम थांबली. गायता देवाच्या रानात जाऊन आला, आणि आता धान विकत नाही. एवढंच. त्यांनी सभा बोलावली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. एक पोतं उचललं, पाठीवर घेतलं आणि घरात, शेवंताच्या कोठीपाशी नेऊन ठेवलं.

महागूकाका गाडीजवळ उभे होते. बराच वेळ त्यांनी चैतूबाबांच्या दाराकडे बघितलं. मग हमालांना म्हणाले, "माही अर्धी उतरवा."

संध्याकाळपर्यंत गाडी अर्ध्याहून जास्त रिकामी परतली.

घरात शेवंतानं अखेर विचारलं, "बाबा, मोजले का तिथले नवे बांबू?"

"नाई मोजले," ते म्हणाले. "मोजाले काई नव्हतंच."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. शहाण्णवच्या आधीच्या पावसाळ्यात त्यांची आई अशीच रिकामी टोपली घेऊन आली होती, आणि घरभर चिडचिड करत होती, की यंदा वास्त्याला काय रोग आलाय. ते तेव्हा पंचवीसचे. हे सगळं ते विसरून गेले होते. काल देवाच्या रानात जुन्या बांबूंच्या बुडाशी उभं राहिल्यावर आईचा तो आवाज ऐकू आला.

"मंग उंदीर आले. धान खाल्लं, बियानं खाल्लं. मंग ताप आला. त्या तापात माही बहीन मंगरी गेली. सोळा वर्साची होती." त्यांनी पांघरुणाचा काठ हातात धरून ठेवला होता. "तू पयल्यांदा बोलली ना शेवंता, तवाच मले मंगरी आठवली. मले वाटलं, मी हो म्हनलं तं ते येईल. नाई म्हनलं तं नाई येनार."

शेवंतानं त्यांचा हात हातात घेतला. इतके दिवस तिला वाटत होतं, की बाबांचा तिच्यावर विश्वास नाही. खरं म्हणजे साऱ्या गावात तिच्यावर सगळ्यांत आधी विश्वास त्यांचाच बसला होता, आणि तोच त्यांना सोसवत नव्हता.

माघात फूल आलं.

आधी नदीकाठच्या बेटांना, मग चार दिवसांत सगळ्या डोंगराला. पानं गळून गेली आणि प्रत्येक काडीला पिवळट तुऱ्यांचे झुबके लागले. वारा आला, की सगळं रान कोरडं सळसळायचं. पोरंटोरं नाचत होती. बाया शेवंताला हाक मारून सांगत होत्या, "आलं वो फूल! तू म्हनली तसंच!" शेवंता डोंगराच्या पायथ्याशी उभी राहून बघत होती, आणि तिचे डोळे भरून येत होते. लहानपणापासून ज्या सावलीतून ती शाळेत गेली, ती सावली आता संपणार होती. आपण खरे ठरलो याचा आनंद शोधूनही तिला सापडेना.

पिंपळखरेबाई चार माणसं आणि सहा डबे घेऊन आल्या. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी शेवंताचे दोन्ही हात धरले.

"मी तुला एक वर्ष एकटं पाडलं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही म्हणालात ते खरं होतं, मॅडम. अपुरंच होतं ते," शेवंता म्हणाली. "आता पुरं करू. आधी ते पौषातले आकडे काढा. थंडीनं कुलूप परत बसतं, ते मला नीट समजून घ्यायचंय. किती थंडीनं? किती रात्रींनी?"

बाईंनी हसून डबा उघडला.

पण खरं काम अजून पुढंच होतं. चैत्रापासून बी पडू लागलं. शेवंतानं सांगितलं, की उंदरांनी उचलायच्या आत आपण उचलायचं. सगळं गाव खराटे, सुपं, जुन्या साड्या घेऊन जंगलात उतरलं. महागूकाकांनी पाळ्या लावून दिल्या. तांदळासारखं दिसणारं ते बी घराघरात शिजलं, शेजारच्या गावांना गेलं. थोडं रोपवाटिकेसाठी राखलं. सगळं उचलणं अर्थातच शक्य नव्हतं. आषाढात उंदीर आले, आणि पुष्कळ आले. बांधांवर सापळे लावले, गावानं लवकर पिकणारा हलका धान पेरला होता तो लवकर कापला, तरी निम्मं पीक गेलंच. नदीपलीकडच्या दोन गावांत तर कणीस उरलं नाही. त्या गावांना साजाटोल्यातून धान गेला. उंदरांमुळं येणाऱ्या तापाची साथ यायची चिन्हं दिसली, तसं पार्वतानं गट घेऊन घरोघरी पाणी उकळायला लावलं, कोठ्यांची झाकणं तपासली. सहा जण आजारी पडले. सहाही उठले.

त्या वर्षी साजाटोल्यात चूल पेटली नाही असा एकही दिवस गेला नाही. आणि कुणाचं पोर गेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात डोंगर करड्या, वाळक्या काठ्यांनी भरलेला होता. खाली जमिनीवर मात्र गवतासारखी बारीक रोपं दाटून उगवली होती. ती गुरांपासून राखायची, तर सात-आठ वर्षं कूप बंद ठेवावे लागणार होते. तोवर तट्टे विणणाऱ्यांनी करायचं काय, यावर सभेत रोज वाद होत होते.

एका सकाळी चैतूबाबांनी तिला शेतातून बोलावून घेतलं. काही न सांगता ते तिला वरच्या नाल्याकडे घेऊन गेले. दगडांच्या घळीत, जिथं ऊन दुपारी घटकाभरच पोचतं, तिथं बांबूचं एक बेट उभं होतं. हिरवंगार. फुलाचा एक तुरा नाही, वाळकी काडी नाही. आणि बुडाशी, मागच्या पावसाळ्यातला एक नवा सरळसोट बांबू.

शेवंता थबकली. हे बेट तिच्या चाळिसांत नव्हतं. याची जातही तीच होती, पिढीही तीच. घळीत गारवा होता, पण एवढ्यानं इतका फरक पडेल? की याचं घड्याळच निराळं? की इथं दुसरंच काही चाललंय, जे अजून कुणालाच ठाऊक नाही?

चैतूबाबा काठी टेकून बेटाभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी वाकून नव्या बांबूवर हात फिरवला, आणि लहान मुलासारखं वर बघत विचारलं, "सगळे गेले. हा कायले रायला?"

"माहीत नाही, बाबा."

ते शेजारच्या दगडावर ऐसपैस बसले, तंबाखूची पिशवी काढली आणि म्हणाले, "मंग पाय ना नीट. मी हाये बसून."